स्वयंपाकघराचं निमित्त

लिफ्ट बंद होती, आणि चूक तिथेच झाली.

ती पायऱ्या चढत होती, पण सगळं लक्ष फोनकडे होतं. पलीकडून सुतारकाका बिजागऱ्या संपल्याचं गाऱ्हाणं गात होते आणि ती त्यांची समजूत काढत होती. चौथ्या मजल्यावर जायचं होतं, ती तिसऱ्यावरच थांबली. डाव्या हाताचं दार अर्धवट उघडं होतं. तिने टकटक केली, "किचनच्या मापासाठी आलेय," म्हणाली, चपला काढल्या आणि सरळ आत शिरली. तिचा खाक्याच तसा होता. लोकांची स्वयंपाकघरं आखून द्यायचं काम. दिवसाला तीन-तीन घरं. नमस्कार-चमत्कारात वेळ घालवला तर एकही नकाशा पुरा व्हायचा नाही.

स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी तिशी उलटलेला एक माणूस कागदांच्या ढिगाऱ्यात लाल पेन घेऊन बसला होता. त्याने मान वर केली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि मिटलं.

"ही पट्टी जरा धरता? त्या टोकाला."

त्याने धरली.

"ओटा सात फूट दोन इंच. सिंकखाली गळतं का?"

"नाही."

"खोटं बोलू नका, सगळ्यांकडे गळतं."

"थोडंसं."

"आणि पाच खणांना पाच वेगवेगळ्या मुठी कशा? एक लाकडी, एक पितळी कडी, हा तर चक्क दोरीचा फास."

"वडिलांनी लावल्यात. जी तुटेल तिच्या जागी हाताला लागेल ती. ते गेले, मुठी राहिल्या."

ती वहीत लिहीत राहिली. खिडकी मोजली, फळ्या मोजल्या, शेवटी पेन्सिल कानामागे खोचून म्हणाली, "बरं, जुनं काढायला कधीपासून सुरुवात करायची?"

"काढायचं कशाला? आम्ही तर कुणाला बोलावलंच नव्हतं."

तिने पत्त्याचा कागद पाहिला. कानाच्या पाळ्या तापल्या. "मग पट्टी का धरलीत इतका वेळ?"

"तुम्ही धरा म्हणालात," तो अगदी साळसूदपणे म्हणाला. "शिवाय माझा धंदा प्रूफं तपासायचा. इतका आत्मविश्वास असलेली चूक फार दिवसांनी पाहिली. मध्येच खोडायला जिवावर आलं."

आतल्या खोलीतून आवाज आला, "कोण आलंय रे?"

"कुणी नाही आई. इंचबाई आल्यात. यांना इंच मोजता येतात, मजले येत नाहीत."

ते नाव तिला कायमचं चिकटलं. चहा घेतल्याशिवाय आईंनी तिला सोडलं नाही. ठेंगणी, हसऱ्या चेहऱ्याची बाई. चहा करताना ओट्याकडे त्या बघतही नव्हत्या. तोंड पाहुणीकडे, गप्पा चालू. हात मात्र दोरीचा फास ओढून गाळणी काढत होते, पितळी कडी ओढून चमचा. साखरेचा डबा जणू स्वतःहून पुढे आला. तिने शेकड्यांनी स्वयंपाकघरं पाहिली होती, पण असे हात नव्हते पाहिले. 'याला म्हणतात सवय,' तिला वाटलं. तिला तेवढंच वाटलं.

आठव्या दिवशी प्रूफवाल्याचा कंपनीत फोन आला. नवं स्वयंपाकघर करायचंय. कुणाला पाठवू, असं साहेबांनी विचारलं, तर म्हणे, "ज्यांना मजले मोजता येत नाहीत त्यांना."

त्याचं जुनं स्वयंपाकघर वाईट नव्हतं. हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आजवर दोन-तीन गिऱ्हाइकांना तिने 'पाडू नका, नुसता रंग द्या' असं सांगून परत पाठवलं होतं आणि साहेबांची बोलणी खाल्ली होती. इथे मात्र ती मूग गिळून बसली. काम नसेल तर त्या घरी जायचं कोणत्या तोंडाने?

बोलणी करायला गेली तो दिवस रिमझिम पावसाचा होता. ती भिजलेली छत्री दाराशी टेकवून आत आली, टेबलावर कागद पसरले.

"आम्ही आधी एक यादी वाचून दाखवतो," ती म्हणाली. "काम झाल्यावर लोक कशाकशाबद्दल हळहळतात त्याची. नंतर पस्तावायला नको म्हणून. अठरा कलमं आहेत."

"वाचा."

"प्लगच्या जागा कमी ठेवल्या. कचऱ्याच्या डब्याची कुणालाच आठवण राहिली नाही. वरची फळी इतकी उंच केली की स्टुलाशिवाय हात पोचेना. फ्रिजचं दार उघडलं की वाट बंद. भिंत पाडून सगळं मोकळं केलं आणि तळणीचा वास थेट उशीपर्यंत... तुम्ही ऐकत नाही आहात."

"ऐकतोय ना. 'उशीपर्यंत'पर्यंत ऐकलं." तो लाल पेन बोटांत फिरवत होता. "यात एक कलम राहून गेलंय."

"कोणतं?"

"काम फार लवकर संपलं."

तिची पेन्सिल घरंगळत टेबलाखाली गेली. ती उचलायला दोघेही एकदम वाकले, आणि टेबलाखाली एकमेकांची तोंडं पाहून दोघांनाही हसू आवरेना.

"अशी तक्रार आजवर कुणी केलेली नाही," खुर्चीवर बसत ती म्हणाली.

"मग तुम्ही आजवर चुकीच्याच मजल्यांवर जात होतात."

फॉर्म भरायचा होता. स्वयंपाक कोण करतं? 'आई.' उंची, उजवा हात की डावा, गुडघे दुखतात का, चष्मा आहे का. "आईंना बोलावता? त्यांनाच विचारते," ती म्हणाली. तो म्हणाला, "तिला विचारलंय मी. ती म्हणाली, तुला हवं तसं कर. आता बोलावलंत तर संकोचाने म्हणेल, आहे तेच बरं आहे." आई कधी चष्म्यात दिसल्या नव्हत्या. त्या रकान्यात तिने 'नाही' लिहिलं.

सहा आठवडे काम चाललं. सुतारकाकांनी जुने खण उपसून काढले, गवंड्याने ओटा फोडला. आई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसून असायच्या. घणाचा घाव पडला की त्यांच्या मांडीवरची बोटं दचकायची. पण विचारलं की म्हणायच्या, "चालू दे गं पोरी, माझं काय."

आणि बाहेर? बाहेर कुणाचे पाय जमिनीवर नव्हते. तिला जिथे आठवड्यातून एकदा जायचं, तिथे ती रोज जात होती. लादीचा नमुना दाखवायला एक फेरी, तोच नमुना परत न्यायला दुसरी. प्रूफवाल्याची प्रूफं उशिरा जायला लागली; एकदा तर त्याच्या हातून मुखपृष्ठावरचीच चूक सुटली. सुतारकाका रंधा थांबवून म्हणाले, "पोरी, या घरातलं काम लांबतंय बघ. लाकूड तर सरळ आहे." ती म्हणाली, "काका, तुम्ही तुमच्या बिजागऱ्या बघा."

एका दुपारी तो सिमेंटची पोती ओढून आला आणि तिच्यासमोर उभा राहिला, केसांपासून भुवयांपर्यंत पांढरा.

"तुमच्या पापणीवर धूळ बसलीय," ती म्हणाली.

"काढ ना मग."

'तुम्ही' तिथेच गळून पडलं. तिने पदराच्या... छे, ओढणीच्या टोकाने धूळ टिपली. एकदा टिपून भागलं असतं, तिने चारदा टिपली. त्याने डोळे मिटून घेतले होते. आता हा काहीतरी बोलेल, तिला वाटलं. तो बोलला, "वरच्या कपाटाला कुठला रंग म्हणालीस?"

"पांढरा," ती म्हणाली. "सगळंच पांढरं."

स्वयंपाकघर झालं तेव्हा साहेब स्वतः बघून गेले. ओटा पांढरा, भिंत पांढरी, कपाटं पांढरी. मूठ एकही नाही. नुसतं दाबलं की दार उघडायचं. शेगडीही काळ्या काचेची, सपाट, फिरवायची बटणं नाहीत, बोट ठेवलं की पेटणारी. तिच्या हातून झालेलं ते सगळ्यात देखणं काम होतं. आई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "किती उजेड आलाय नाही?" आणि चौकट धरून उभ्याच राहिल्या.

काम संपल्यावर दहाव्या दिवशी चौकशीला जायची कंपनीची पद्धत. ती छान तयार होऊन गेली. यादी बरोबर घेतली होती, त्यात एकोणिसावं कलम तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. दार उघडलं ते शेजारच्या बाईंनी. आईंना दवाखान्यात नेलं होतं. शेगडी कुठे संपते ते चाचपायला त्यांनी हात पुढे केला, आणि तळवा अख्खाच्या अख्खा तापलेल्या काचेवर टेकला.

दवाखान्याच्या बाकावर तो बसला होता. ती शेजारी बसली तरी त्याने वर पाहिलं नाही.

"डॉक्टरांनी हात बघितला आणि मग डोळे बघितले," तो म्हणाला. "काचबिंदू. उजव्या डोळ्याने काहीच दिसत नाही, डाव्याने फक्त उजेड आणि सावली. निदान दोन वर्षं झाली असतील म्हणे. गेलेली नजर परत येत नाही."

"दोन वर्षं?"

"ती मला रोज पेपर वाचून दाखवायला सांगायची. तुझा आवाज ऐकायला बरा वाटतो म्हणायची. मला वाटायचं, लाड करतेय." तो हसल्यासारखा झाला. "दुसऱ्यांच्या काना-मात्र्याच्या चुका शोधून पोट भरतो मी. आणि घरात..."

तिच्या डोळ्यांपुढे पाच मुठी येत होत्या. लाकडी, पितळी, दोरीची. आईंच्या हातांना ती अक्षरं होती, आणि ती सगळी तिने खरवडून गुळगुळीत केली होती. पांढऱ्या ओट्यावर पांढरा कप. चष्मा: नाही.

दुसऱ्याच दिवसापासून ती कामाला लागली. साहेबांकडून रजा घेतली, सुतारकाकांना घेऊन आली. जुन्या मुठी कधीच भंगारात गेल्या होत्या, म्हणून प्रत्येक खणाला नवी, वेगळी मूठ लावली. काचेची शेगडी काढून फिरवायच्या बटणांची साधी शेगडी बसवली. ओट्याच्या कडेला बोटांना लागेल अशी लाकडी पट्टी ठोकली. पहिल्या दिवशी चुकून घेतलेली जुनी मापं तिच्या वहीत होती. फळ्या त्याच उंचीवर आणल्या. काका मुकाट्याने काम करत होते.

पट्टी बांधलेला हात उराशी धरून आई आत आल्या. दुसऱ्या हाताने पहिली मूठ चाचपली, दुसरी चाचपली.

"छान केलंय गं," त्या म्हणाल्या. "पण पोरी, ते माझं पाठ होतं. आता पुन्हा पहिल्यापासून पाठ करायचं वय राहिलं नाही. आणि मला भीती वाटते."

त्यानंतर त्या स्वयंपाकघरात आल्या नाहीत. खिडकीपाशी खुर्ची टाकून बसून राहायच्या. बोलणं कमी झालं, खाणं कमी झालं. मुलगा करपलेला भात वाढायचा आणि त्या 'चांगला झालाय' म्हणून खायच्या. ती येत राहिली. भाजी चिरून द्यायची, पेपर वाचून दाखवायची. पण तो आता तिच्याकडे पाहायचा नाही. ती आली की आपले कागद उचलून दुसऱ्या खोलीत जायचा.

एका सकाळी तो औषधं आणायला गेला होता. आईंनी तिला जवळ बोलावलं.

"त्याच्यावर रागावू नकोस."

"मी कशी रागावेन, काकू? चूक माझी आहे. मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंस तरी मी सांगितलं नसतं. लपवायचंच ठरवलं होतं मी. कळलं असतं तर नोकरासारखा माझ्यामागे फिरला असता, स्वतःचं आयुष्य गुंडाळून ठेवलं असतं." त्यांनी चाचपडत तिचं मनगट धरलं. "तू चुकून आलीस ना, त्या दिवसापासून तो शीळ घालायला लागला होता. वडील गेल्यापासून या घरात कुणी शीळ घातली नव्हती. मग म्हणाला, आई, स्वयंपाकघर नवं करूया. मला कळलं ना, कशासाठी ते. माझे डोळे गेलेत, कान नाही. मी नाही कशाला म्हणू? म्हटलं, चार भांडी इकडची तिकडे होतील, जमवून घेऊ. नाही जमलं गं."

तिला रडूही येईना.

"त्याला हे सांगू नकोस," आई म्हणाल्या. "शीळ घातल्याचाही त्याला पस्तावा होईल."

पुढच्या आठवड्यात त्याची मोठी बहीण आली. लांबच्या गावात तिचं बैठं घर होतं, अंगण होतं, माणसांचा राबता होता. तिने दोन दिवस सगळं पाहिलं आणि भावाला म्हणाली, "आईला मी नेते. तूही चल. तुझे कागद कुठेही तपासून होतात." त्याने वाद घातला नाही. घर भाड्याने द्यायचं ठरलं.

निघायच्या दिवशी ती मदतीला गेली. सामान खाली गेलं, ताईने आईंना हात धरून उतरवलं, गाडीत बसवलं. आईंनी काच खाली करून तिच्या गालावरून हात फिरवला. बरा झालेला तळवा अजून खरखरीत होता. मग त्यांनी तोंड फिरवलं.

तो जिन्याशी उभा होता. ती त्याच्यापाशी गेली. कित्येक दिवसांनी तो तिच्याकडे पाहत होता, सरळ, न चुकवता.

"तू मला दोषी धरतोस का?" तिने विचारलं.

"नाही. तसं असतं तर सोपं झालं असतं." त्याने किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या. "तू आलीस की मला आनंद होतो. अजूनही. पायऱ्यांवर तुझी चाहूल लागली तरी होतो. आणि तिकडे आई खिडकीत बसलेली असते. मग त्या आनंदाचीच लाज वाटते मला... समजतंय ना?"

"मी येते तुमच्याबरोबर. तिथेही लोकांना स्वयंपाकघरं लागत असतीलच."

"येशील, माहीत आहे मला. आणि मी रोज आधी तुझ्याकडे बघेन, मग तिच्या हाताकडे. असं किती दिवस चालेल? एक दिवस मी तुला टाकून बोलेन. ते व्हायला नकोय मला."

गाडीवाल्याने एकदा हलकेच हॉर्न वाजवला.

"एक सांगायचं राहिलंय," तो म्हणाला. "मला स्वयंपाकघर नकोच होतं. कधीच नको होतं. तू रोज यावंस एवढंच हवं होतं. माझं तुझ्यावर प्रेम आहे, हे एवढं वाक्य बोलायला जीभ रेटेना, म्हणून भिंती फोडल्या मी."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मलाही दिसत होतं, तुमचं जुनं धडधाकट होतं ते. मीही गप्प बसले. मलाही यायचंच होतं." तिने हसायचा प्रयत्न केला. "हे वाक्य तेव्हाच बोलला असतास तर ओटा वाचला असता रे."

तो हसला. ती हसली. क्षणभर दोघे टेबलाखाली वाकल्यासारखे जवळ होते. मग त्याच्या खांद्यांना हिसका बसला आणि त्याने तोंड भिंतीकडे केलं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. किती वेळ, कुणास ठाऊक. गाडीतून ताई बघत होती, पण तिने हाक मारली नाही.

"वाट बघू नकोस," तो म्हणाला.

"नाही बघणार," ती म्हणाली. दोघांनाही ते खरं वाटलं नाही, पण बोलून झालं होतं.

त्याने किल्ल्या तिच्या हातात दिल्या. नवे भाडेकरू तासाभरात यायचे होते; त्यांना सगळं दाखवून द्यायचं काम तिच्याकडे होतं. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ती उभी राहिली. मग जिना चढून वर आली. एक, दोन, तीन. आज मजला चुकला नाही.

नवं जोडपं हौशी होतं. त्यातली मुलगी तर दारातूनच स्वयंपाकघराकडे पळाली. खण उघडून पाहिले, मिटून पाहिले, ओट्याच्या लाकडी कडेवरून बोट फिरवलं.

"किती मायेनं केलंय हे सगळं," मुलगी म्हणाली. "प्रत्येक खणाला वेगळी मूठ... इतकं सुंदर स्वयंपाकघर सोडून कशी गेली असतील माणसं?"

नवरा खिडक्या बघत होता. ती मुलगी उत्तराची वाट बघत थांबली होती.

"त्यांच्या हाताला बसलं नाही," ती म्हणाली. मग पुढे होऊन तिने सिंकखालचं दार उघडलं, पाण्याचा मुख्य नळ कुठे आहे ते दाखवलं आणि तो कुठल्या बाजूला फिरवला की बंद होतो, ते दोनदा फिरवून समजावून सांगितलं.